शेजारच्या घरची कोंबडी

हायनानीज चिकन राइस आज जगभर एकेकाच्या प्लेटमध्ये मिळतो. पण ज्या बेटावरून तो निघाला, तिथे नऊशे वर्षांपूर्वी एका हद्दपार कवीला वाटून खाल्लेल्या अन्नाने तारलं. खवय्या कवी सू डोंगपोची ही गोष्ट.

महिन्याची एक तारीख. घरून पैसे आलेत. दहा तारखेपर्यंत आपण राजे, वीस तारखेनंतर मेसची पातळ आमटी आणि मित्रांची उधारी. आपल्यापैकी बहुतेकांचं हे दर महिन्याचं ठरलेलं चक्र.

आता या माणसाकडे बघा. चांगली सरकारी नोकरी गेलीय, पगार जवळपास बंद, घरात खाणारी तोंडं बरीच. तो दर एक तारखेला साडेचार हजार नाणी बाहेर काढतो. त्याचे तीस सारखे वाटे करतो, म्हणजे दिवसाला दीडशे. त्या काळच्या चिनी नाण्यांना मधोमध भोक असायचं, त्यामुळे प्रत्येक वाटा दोरीत ओवून घराच्या तुळईला टांगता यायचा. रोज सकाळी लांब काठीने एक माळ खाली काढायची आणि लगेच काठी लपवून ठेवायची, म्हणजे दुपारी दुसरी माळ काढायचा मोह नको! दिवसअखेर दीडशेतून जे उरेल ते बांबूच्या नळकांड्यात टाकायचं. आणि नळकांड्यातले पैसे कशासाठी? तर पाहुण्यांसाठी. घरी कुणी आलं तर त्याला जेवू घालायला.

खिशात काही नसताना पाहुण्यांचा वेगळा फंड काढणारा हा माणूस म्हणजे सू शी. जग त्याला सू डोंगपो म्हणून ओळखतं. चीनच्या सोंग राजवटीतला अव्वल दर्जाचा कवी, सुलेखनकार, चित्रकार, प्रशासक आणि पक्का खवय्या. खरं सांगायचं तर मी त्याच्यापर्यंत कवितेमुळे पोचले नाही, चिकन राइसमुळे पोचले.

फिका दिसणारा भात

हायनानीज चिकन राइस तुम्ही रील्सवर तरी पाहिलाच असेल. दिसायला अगदी फिका. ना तर्री, ना कोथिंबिरीचा सडा. आलं आणि कांद्याची पात घातलेल्या पाण्यात अख्खी कोंबडी सोडतात. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नुसतं हलत ठेवायचं. कोंबडी शिजली की ती थेट गार पाण्यात, त्यामुळे कातडी घट्ट होते आणि मांस रसदार राहतं. कोंबडीची चरबी कढवून त्यात आलं-लसूण आणि तांदूळ परतायचे आणि त्याच पाण्यात भात शिजवायचा. उरलेल्या पाण्याचं सूप. सोबत मिरची, लसूण आणि लिंबाची झणझणीत चटणी. एका कोंबडीतलं काहीही वाया जात नाही.

या पदार्थाचं मूळ चीनच्या दक्षिण टोकाच्या हायनान बेटावर, तिथल्या वेनचांग भागातल्या कोंबड्यांमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला हायनानी लोक पोटासाठी सिंगापूर-मलायात गेले. इतर चिनी समाज तिथे आधीच स्थिरावलेले होते, व्यापाराच्या चांगल्या जागा गेलेल्या होत्या. मग हे लोक गोऱ्यांच्या घरी आणि हॉटेलांत स्वयंपाकी झाले, काहींनी कॉफीची दुकानं टाकली. सिंगापुरात मिडल रोड, पर्व्हिस स्ट्रीट, सीया स्ट्रीट या भागात त्यांची वस्ती होती. तिथल्या फेरीवाल्यांनी आणि खानावळींनी घरचा हा पदार्थ बाजारात आणला.

घरी मात्र तो रोजचा नव्हता. सणाला अख्खी कोंबडी शिजायची, आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायची, मग तिचे तुकडे होऊन सगळ्यांच्या मधोमध यायची. म्हणजे आपल्याकडे नैवेद्य दाखवून मग पंगत बसते, तसंच. बाजारात आल्यावर ती मधोमधची कोंबडी एकेकाच्या प्लेटमध्ये गेली. लंच ब्रेकमध्ये एकट्याने, फोन बघत, दहा मिनिटांत संपवायचा भात झाला. हा पदार्थ पुन्हा सगळ्यांनी मिळून खायचा करायला हवा, असं आता अनेकांना वाटतं. पण नेमकं परत काय आणायचंय? रेसिपी तर कुठेच हरवलेली नाही. याचं उत्तर मला सू डोंगपोच्या आयुष्यात सापडलं.

टॉपर ते कैदी

सू शीचा जन्म 1037 सालचा, सिचुआन प्रांतातल्या मेईशान गावचा. वडील सू श्युन विद्वान, धाकटा भाऊ सू झे तितकाच हुशार. 1057 मध्ये दोघे भाऊ राजधानीतल्या सर्वोच्च सरकारी परीक्षेत एकाच वेळी पास झाले. आपल्याकडच्या यूपीएससीचा आजोबा म्हणा. सू शी तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. मुख्य परीक्षक ओउयांग श्यू स्वतः मोठा लेखक. असं सांगतात, की एक पेपर त्याला इतका आवडला की तो आपल्याच शिष्याचा असणार असं वाटून, पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्याने त्याला दुसरा नंबर दिला. तो पेपर निघाला सू शीचा!

पुढे वांग आनशी नावाच्या मंत्र्याने 1069 पासून मोठ्या सुधारणा सुरू केल्या. शेतकऱ्यांना सरकारी कर्ज, नवे कर, नवे नियम. सू शीला त्यांचा गोरगरिबांवर होणारा परिणाम दिसत होता आणि गप्प बसणं हा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने अर्ज लिहिले, कविताही लिहिल्या. 1079 मध्ये त्या कवितांचाच पुरावा करून, बादशहाचा अपमान केल्याच्या आरोपाखाली त्याला पकडलं. शंभरहून अधिक दिवस तो तुरुंगात होता.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. थोरला मुलगा सू माई रोज डबा आणायचा. बापलेकांची खूण ठरली होती: भाजी आणि मटण आलं तर सगळं ठीक, मासा आला तर फाशीची शिक्षा झाली असं समजायचं. एक दिवस मुलाला बाहेर जावं लागलं, डबा दुसऱ्याने आणला. त्याला खूण माहीत नव्हती. डब्यात निघाला मासा! सू शीने भावाला निरोपाच्या कविता लिहून टाकल्या. पण फाशी झाली नाही. भावाने स्वतःचं पद सोडून त्याला सोडवायची विनंती केली होती, इतरांनीही रदबदली केली. जीव वाचला आणि हद्दपारी आली.

पूर्वेचा उतार

1080 मध्ये तो यांगत्से नदीकाठच्या ह्वांगझोऊला पोचला. नावाला छोटं पद, अधिकार शून्य. तुळईला टांगलेल्या नाण्यांच्या माळा इथल्याच. गावाच्या पूर्वेला एका उतारावर त्याला पडीक जमीन मिळाली. दगडगोटे काढून त्याने ती कसायला घेतली. पूर्वेचा उतार म्हणजे चिनी भाषेत डोंगपो, आणि तेच त्याचं नाव झालं. ज्या जमिनीने पोट भरलं, तिचं नाव त्याने स्वतःला लावलं.

ह्वांगझोऊत डुकराचं मांस मातीमोल होतं. श्रीमंत ते खात नसत आणि गरिबांना नीट शिजवता येत नसे, असं त्याचं निरीक्षण. त्याने युक्ती काढली: पाणी थोडं, आच मंद, घाई अजिबात नाही. वेळ भरपूर होता, मोकळाच होता ना! आज डोंगपो पोर्क नावाने चीनमध्ये जो मऊ लुसलुशीत पदार्थ मिळतो, त्याचं मूळ या सक्तीच्या सुट्टीत शोधतात.

राजकारण फिरलं, तो परत वर आला. 1089 मध्ये हांगझोऊचा प्रमुख अधिकारी म्हणून गेला. तिथलं पश्चिम सरोवर पाणवनस्पतींनी अर्धं गिळलं होतं. त्याने ते साफ करून घेतलं आणि निघालेल्या गाळातून जवळजवळ 2.8 किलोमीटर लांबीचा बांध घातला. आजही तो बांध त्याच्या नावाने आहे. लोककथा अशी, की खूश झालेल्या लोकांनी त्याला डुकराचं मांस आणून दिलं आणि त्याने ते आपल्या पद्धतीने शिजवून बांधावर राबणाऱ्या मजुरांना वाटून टाकलं. कथा खरी असो वा नसो, लोकांनी ती त्याच्याच नावावर का टाकली हे समजतं.

एकटं पाडण्याची शिक्षा

1094 मध्ये पुन्हा वारं फिरलं. विरोधक सत्तेत आले आणि त्याला दक्षिणेला ह्वेईझोऊला धाडलं. तिथल्या बाजारात दिवसाला एकच मेंढी कापली जायची. चांगला भाग मोठे अधिकारी नेणार, त्यांच्याशी स्पर्धा नको, म्हणून हा खाटकाकडून पाठीची हाडं घ्यायचा. उकडायची, दारू-मीठ लावून भाजायची आणि हाडांच्या फटींतलं कणकण मांस कोरून खायचं. भावाला त्याने हे अगदी रंगवून कळवलं आणि गावातली कुत्री मात्र यामुळे नाराज आहेत, असा टोलाही मारला. पण या हसण्यामागे दुःख होतं. त्याची सोबतीण चाओयुन 1096 मध्ये तिथेच गेली.

1097 मध्ये त्याहून कडक हुकूम आला. समुद्रापार, हायनान बेटावर, दानझोऊला जा. वय साठ. त्या काळच्या दरबारी लोकांच्या नजरेत हायनान म्हणजे जगाचा शेवट: दमट हवा, रोगराई आणि परकी माणसं. तिथे पाठवलेला म्हातारा परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही. तिथे पोचल्यावर आधी शवपेटी करायची, मग थडग्याची जागा बघायची, असं ठरवूनच तो निघाला. घरच्यांना मागे ठेवलं, फक्त धाकटा मुलगा सू ग्वो सोबत होता.

त्याच सुमारास भाऊ सू झेलाही दक्षिणेला हद्दपार केलं होतं. दोघे वाटेत भेटले आणि काही दिवस एकत्र चालले. रस्त्याकडेच्या एका टपरीवर दोघांनी रश्श्यातल्या शेवया घेतल्या. त्या इतक्या जाड्याभरड्या की सू झेने सुस्कारा सोडून काड्या खाली ठेवल्या. तेवढ्यात थोरल्याने आपलं वाडगं संपवलंही होतं, असं सांगतात. किनाऱ्यावर दोघांची ताटातूट झाली. ते पुन्हा कधीच भेटले नाहीत.

दानझोऊत मांस नाही, औषध नाही, राहायला घर नाही, बोलायला मित्र नाही, अशी यादी त्याने पत्रात दिली आहे. पण सगळ्यात गंभीर प्रश्न तांदळाचा होता. बेटावरचे लोक मुख्यतः कंदमुळं खायचे. भातशेती कमी, तांदूळ मुख्य भूमीवरून जहाजाने यायचा. वादळात जहाजं अडकली की तांदूळ मोत्यांच्या भावाला. त्याच्या लिखाणातून जेवणाचा हिशेब लागतो: डुकराचं मांस पाचेक दिवसांनी एकदा, कोंबडी घातलेली तांदळाची पेज दहाएक दिवसांनी एकदा. म्हणजे ज्या बेटाचा कोंबडी-भात आज जगभर विकला जातो, तिथेच नऊशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्यासाठी कोंबडी आणि तांदूळ एका वाडग्यात येणं हा सण होता.

सुरुवातीला स्थानिक अधिकारी झांग झोंग याने त्याला पडक्या सरकारी घरात राहू दिलं. वर खबर गेली. 1098 मध्ये सू डोंगपोला तिथून बाहेर काढलं आणि मदत केली म्हणून झांग झोंगचीही नोकरी गेली. शिक्षेचा खरा अर्थ इथे कळतो. त्यांना त्याला फक्त दूर पाठवायचं नव्हतं. त्याच्याजवळ जाणाऱ्यालाही किंमत मोजावी लागेल, असं करून त्याला पूर्ण एकटं पाडायचं होतं.

पूर्वेकडचे शेजारी

ते जमलं नाही. ताडाच्या राईत त्याला झोपडी बांधायची होती, पैसे संपत आले होते. शिकायला येणारी पोरं आणि शेजारीपाजारी हाताला हात लावायला आले. झोपडी उभी राहिली.

मग गाठीभेटी वाढल्या. बेटावरचे मूळ रहिवासी ली लोक. दरबाराच्या लेखी ते रानटी. याने मात्र हान आणि ली ही एकच माणसं आहेत असं लिहिलं आणि भातशेती वाढवा म्हणून त्यांच्या मागे लागला. ली आडनावाच्या मित्रांकडे तो प्यायला जाऊन बसायचा, त्यांच्यात त्याचा खास दोस्त ली झियुन. परतताना रस्ता चुकायचा, मग शेणाच्या पो बघत बघत यायचा, कारण याचं घर गोठ्याच्या पलीकडे! वाटेत पोरं कांद्याच्या पातीची पिपाणी वाजवत भेटायची. डोंगरातल्या एका लाकूडतोड्याने समुद्रावरच्या वाऱ्यात बाधू नये म्हणून त्याला सुती कापड दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

1099 च्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या लोकांनी कालवं आणून दिली. काही दारूत शिजवली, मोठी भाजली. खाऊन झाल्यावर त्याने मुलाला गमतीने बजावलं, की हे राजधानीतल्या साहेबांच्या कानावर घालू नको, नाहीतर सगळे हायनानची हद्दपारी मागून घेतील.

आणि मग तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतेय. वर्ष तेच. उत्तरेकडची जहाजं आली नव्हती, तांदूळ परवडत नव्हता, पंधरा दिवस त्याला पोटभर मिळालं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी चुलीच्या देवाची पूजा होती. चिनी समजुतीप्रमाणे हा देव वर्षाच्या शेवटी स्वर्गात जाऊन घराचा अहवाल देतो, म्हणून त्याला नैवेद्य दाखवायचा. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांकडे कोंबडी आणि दारूचा नैवेद्य असणार होता. त्यातला वाटा आपल्याकडे येणार, याची सू डोंगपोला पक्की खात्री होती. ती त्याने कवितेत लिहून ठेवली आहे.

ही खात्री किती मोठी आहे बघा. राज्याने ज्याला माणसांतून उठवलं होतं, तो भुकेलेला म्हातारा शेजाऱ्यांच्या नैवेद्यावर हक्काने डोळा ठेवून बसला होता. भीक म्हणून नाही, घरातलाच एक म्हणून. वाटेकऱ्यांच्या यादीत आपलं नाव आहे हे माहीत असणं, यालाच गावचं होणं म्हणतात.

जाताना

त्याने घेतलं, तसं दिलंही. त्याच्याकडे शिकायला जियांग तांगझुओ नावाचा तरुण आला. निघताना त्याच्या पंख्यावर गुरूने कवितेच्या दोनच ओळी लिहून दिल्या. परीक्षा पास झालास की उरलेली पूर्ण करीन, असा शब्द दिला. तो पास झाला, पण तोवर गुरू या जगात नव्हता. ती कविता सू झेने पूर्ण केली.

1100 मध्ये नवा बादशहा आला, माफी जाहीर झाली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सू डोंगपो समुद्र ओलांडून परत निघाला. निरोप घेताना त्याने आपली ओळख उलटी करून टाकली: मी मूळचा हायनानचाच, सिचुआनमध्ये फक्त काही काळ राहिलो. पुढच्या वर्षी, 1101 च्या ऑगस्टमध्ये, चांगझोऊ इथे आजारपणात तो गेला. वय चौसष्ट. त्यानंतर सरकारने त्याच्या लिखाणावर बंदी घातली, छपाईचे ठसे नष्ट करायचा हुकूम काढला. लोकांनी वाचणं सोडलं नाही. दानझोऊत त्याच्या नावाची जुनी पाठशाळा आजही लोक बघायला जातात.

त्याने खाल्लेली कोंबडी आणि आजचा चिकन राइस यांत सरळ नातं आहे, असा माझा दावा नाही. पण सणाला कोंबडी शिजवायची, देवाला दाखवायची आणि मग वाटायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. परत आणायची ती ही रीत. अख्खी कोंबडी मधोमध असली की कुणाला तंगडी, कुणाला पंख, कोण अजून आलं नाही, हे बघावं लागतं. एकेकाच्या डब्यात हा प्रश्नच येत नाही.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी. चार वेगवेगळ्या ऑर्डरी, चार खोल्या, चार स्क्रीन. गेल्या रविवारी मात्र एक अख्खी कोंबडी आणली. पाणी जरा जास्तच उकळलं, भात खाली लागला, चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं. पण जमिनीवर चादर अंथरून चौघी एकत्र बसलो, बहुतेक सहा महिन्यांनी.

ओट्यावर समोरच्या काकूंची वाटी तीन आठवडे पडून होती. रिकामी वाटी परत द्यायची नसते, आणि द्यायला आमच्याकडे कधी काही नसायचं. त्या दिवशी ती भरून नेली. काकूंना चिकन चालतं, हे दोन वर्षं समोर राहून आम्हाला तेव्हा कळलं.